अडीच पायल्या

खाडीला काम किती आहे
हे मोजायला मागे तालुक्याहून एक साहेब आला होता.
कागद पुढे करून म्हणाला, मावशी, रोजगार किती?
मी त्याला टोप दाखवला.

पठाण घातलं की दीड पायली.
वांक उभे राहिले, म्हणजे
गलबताच्या बरगड्या लांबून मोजता यायला लागल्या, की दोन.
फळ्या चढल्या, फटींत कापूस ठोकायला
पलीकडच्या काठावरून माणसं आली की अडीच.
त्याच्यावर माझा टोप नाही.
एका वर्षी तीन लागल्या,
तेव्हा हसीनाबीकडचा लग्नाचा टोप मागून आणला,
परत करताना आत एक नारळ ठेवला.

साहेबाने लिहून घेतलं: चाळीस.
पण चाळीस नव्हते ते.
घाटावरून साग आणणारा बाबल्याचा ट्रक कुठे धरला त्याने?
तांब्याच्या खिळ्यांना डोकी काढणारा तुकल्या,
मुशीचं तेल डब्याडब्याने विकणारी काशी,
आणि दुकानदार पेडणेकर, जो चंद्रूस उधारीवर देई
आणि वहीत गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी
होडीचं नाव लिही.
माणूस मरतो, म्हणे, होडी पैसे देते.
माझं घरही त्याच वहीत होतं.
तांदूळ, तूरडाळ, रॉकेल,
सगळं 'दर्यादौलत'च्या पानावर.

'दर्यादौलत'.
बावन्न फुटी. दाऊद मेस्त्रीने नकाशा काढला नाही,
एका काठीवर खुणा केल्या,
आणि ती काठी रात्री माझ्या माळ्यावर ठेवी.
पाण्यात लोटली त्या दिवशी
ओंडक्यांना चरबी फासून सगळे दोरांना,
पेडणेकरसुद्धा, धोतर खोचून.
ती गेली, जराशी डावीकडे कलली,
मग सरळ झाली,
पाटावर बूड हलवून नीट बसावं कुणी तशी.

पुढे फायबर आलं.
साचा एक, माणसं सहा, आणि वास असा
की भातालाही लागे.
अर्धी पायली.
पोरं तोंडाचं फडकं सोडून जेवायची
आणि तिथेच भिंतीला टेकून झोपायची.
दाऊदचा भाचा कतारला गेला, तिथे जहाजं रंगवतो.
खाडीच्या तोंडाशी मोठी गोदी झाली, लोखंडी बार्जांची,
आत त्यांचंच कँटीन.
फाटकावरचा मला म्हणाला, डबा आत चालत नाही.
मी काही बोलले नाही.
रविवारी कँटीन बंद असतं,
तेव्हा तो माझ्याकडेच येतो.

या मार्गशीर्षात, मोठ्या भरतीबरोबर
'दर्यादौलत' परत आली.
मोडायला.
मालकाने लाकूड वजनावर काढलं.
मी हातगाडीभर घेतलं, वखारीपेक्षा स्वस्त पडलं.
मीठ मुरलेलं ते लाकूड
चुलीत निळं-हिरवं जळतं,
धूर कमी, तडतड फार.
एका तुकड्यावर दाऊदची खूण होती,
तीन रेघा उभ्या, एक आडवी.
तो मी बाजूला सारला.
परवा सरपण कमी पडलं, तेव्हा तोही घातला.

सकाळी राखेतून खिळे वेचते.
वाकलेले, पण डोकी शाबूत.
भंगारवाला किलोवर घेतो.
त्यातून पेडणेकरच्या नातवाकडचं थोडं मागचं फिटलं.
त्याने वही उघडली, पान शोधलं,
नाव वाचून मला विचारलं,
ही बाई कोण?

आणि तो साहेब पुन्हा आला तर सांगायचं आहे,
मोडायलाही माणसं लागतात.
पहारी, करवती घेऊन
पलीकडच्या काठावरून तीच आली, थोडी म्हातारी.
पहिल्या आठवड्यात अडीच पायल्या.
किती वर्षांनी टोप काठापर्यंत भरला,
उतरवायला शेजारणीला हाक मारावी लागली.
मग फळ्या गेल्या. दोन.

आज चिखलात नुसतं पठाण उरलंय.
दीड.